अम्रीनला कळू नये म्हणून

भोरमध्ये कुणाचा पोरगा पोलीस भरतीत निघाला, कुणी सोसायटीवर बिनविरोध आलं, कुणाचा नुसता वाढदिवस आला, तरी चौकात फ्लेक्स लागतो आणि तो कुणी वाचत नाही. शफीभाईंच्या अम्रीनचा लागला तेव्हा मात्र लोक गाडी बाजूला लावून वाचत होते. ‘परदेशात इंग्रजी शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यातल्या निम्म्यांनी तोवर शफीभाईंना ‘ओ कुकरवाले’ यापलीकडे कधी हाक मारली नव्हती.

फ्लेक्स छापणारा हनुमंत. गावातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांचा ॲडमिनही तोच. भोरमध्ये एखादी गोष्ट घडली की नाही हे हनुमंतने पुढे पाठवल्यावर ठरतं, असं म्हटलं तरी चालेल.

फ्लेक्सवर एक गोष्ट लिहायची राहिली होती. या नोकरीला पगार नव्हता. अम्रीन स्वयंसेवक म्हणून निघाली होती. कंबोडियातल्या एका खेड्यात लहान मुलांना इंग्रजीची पहिली अक्षरं शिकवायची, सहा महिने राहायचं, राहणं-जेवण तिथल्या संस्थेचं. शफीभाईंनी हे कुणापासून लपवलं नाही. पण लोकांना परदेश म्हटलं की दुबईच दिसते, त्याला ते काय करणार?

“शफीभाई, हे कंबोडिया दुबईच्या अलीकडं का पलीकडं?” शफीभाईंच्या कुकर दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या सलूनमधून एकाने विचारलं.

“घरातनं निघालं की उलट्या बाजूला.”

“मग तिकडं पैसा हाय का न्हाई?”

“असंल तर आपल्याकडं कशाला मागतील मास्तरीण?”

त्याआधी अम्रीन दोन वर्षं वेल्ह्याच्या खोऱ्यात बालवाडी चालवत होती. सकाळी भोरहून एसटीने नसरापूर, तिथून मिळेल त्या जीपने आत. कागदावर तालुक्याचं नाव राजगड झालं, पण जीपवाले अजून ‘वेल्हं, वेल्हं’ असंच ओरडतात. त्या बालवाडीत गेनबाची नात शेफाली होती. गेनबा भोरच्या बाजाराला आला की कुकर दुरुस्तीचं निमित्त काढून शफीभाईंकडे बसायचा. त्याचा कुकर चांगला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

अम्रीन गेली ती नोव्हेंबरात. पहिले पंधरा दिवस तिने फोनवर सगळं छान आहे असंच सांगितलं, म्हणजे छान नव्हतं. तिकडची पोरं पाच-सहा वर्षांची. तिला त्यांची भाषा येईना, पोरांना इंग्रजीचं अक्षर माहीत नाही. शिकवायचं ते वस्तू दाखवून. संस्थेने दिलेली चित्रं आठवड्यात संपली आणि पोरं भिंतीवरच्या पाली मोजायला लागली. तेव्हा तिने अब्बांना कामाला लावलं.

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती व्हिडिओ लावायची. शफीभाई दुकानातल्या खुर्चीत बसून एकेक वस्तू वर धरायचे आणि म्हणायचे, “व्हॉट इज धिस?” तिकडून पंचवीस-तीस गळे एकदम ओरडायचे, “धिस इज अ स्पून, मिस्टर शफी.” उत्तर बरोबर आलं की शफीभाई कुकरच्या झाकणावर पान्याने एक ठोका द्यायचे. चुकलं तर नुसते गप्प बसून बघायचे, आणि त्या गप्प बसण्याला पोरं जास्त हसायची. चौथीत शाळा सुटलेला माणूस, पण मास्तरकीची हौस अशी की एक वस्तू दुसऱ्यांदा दाखवायची नाही. दुकानातल्या वस्तू संपल्यावर शेजारच्या फौजियाची चाळण आली, सलूनमधली कात्री आली, कुणाची छत्री आली. वर्गाच्या दिवशी सकाळी आळीतलं कुणी ना कुणी “आमचं हे दाखवा की” म्हणून हातात काहीतरी घेऊन उभं. फौजिया तर चाळण परत घेताना म्हणाली, “माझी चाळण परदेशात जाऊन आली. मी अजून साताऱ्याला गेले न्हाई.”

जानेवारीत शफीभाईंचे पाय सुजले. त्यांनी चप्पल बदलली. मग तोंड सुजलं, तेव्हा मतीनने, म्हणजे अम्रीनच्या थोरल्या भावाने, त्यांना पुण्याला नेलं. दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनला लावायचं ठरलं.

त्या रात्री अम्रीनच्या आईने, जाहिदाने, जेवण वाढता वाढता विषय काढला.

“अम्रीनला सांगायला पायजे.”

“सांगितलं की पहिल्या विमानानं येईल,” शफीभाई म्हणाले.

“येऊ दे की.”

“आणि चौकातल्या फ्लेक्सचं काय? हनुमंतला म्हणू, खाली एक ओळ वाढव, अर्ध्यावर परत आल्याबद्दल?”

जाहिदा हसली नाही. “तुमाला सगळ्यात थट्टा सुचती.”

“थट्टा न्हाई. पोरगी कधी नव्हं ते एक काम स्वतःच्या मनानं करायला गेली. तिला पुरं करू दे. तवर मी काय जात न्हाई कुठं.” मग मतीनकडे बघून म्हणाले, “मशीनचे वार मंगळवार आणि शनिवार घे. सोमवार-गुरुवार मला शाळा असती.”

मतीनने मान डोलावली. बापाची इच्छा आणि आपली सोय दोन्ही एकाच बाजूला आली की माणूस फार लवकर मान डोलावतो. बहीण आली असती तर रडारड झाली असती, प्रश्न विचारले गेले असते, पुण्याचा डॉक्टर बदला म्हणाली असती. मतीनला रोजचं निभावायचं होतं. त्याचं चूक होतं असं तेव्हा कुणीच म्हणालं नाही.

आणि मग सगळं भोर या कामाला लागलं. नळाच्या पाण्यासाठी जे गाव कधी एक झालं नाही, ते अम्रीनला कळू नये म्हणून एक झालं. कुणी तिला फोन केला तरी “अब्बा मजेत” असंच सांगायचं. शफीभाई वाळत चालले तसे रमजान लागला, म्हणून वाळण्याचा दोष रोज्यांवर घातला. खरं तर डॉक्टरांनी रोजे बंद केले होते. ईद झाली तसं दात काढले म्हणून सांगितलं. नंतर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर ढकललं. सोमवार-गुरुवार सकाळी मतीन त्यांना उचलून खुर्चीत आणून बसवायचा, जाहिदा त्यांना इस्त्रीचा सदरा घालायची, हाताला सुयांचे काळे डाग होते म्हणून बाह्या मनगटापर्यंत ओढायची, आणि शफीभाई वस्तू वर धरायचे. हात थरथरायचा. अम्रीन म्हणायची, “अब्बा, थोडं वर धरा, मागच्या पोरांना दिसत नाही.”

एका गुरुवारी हात वर गेलाच नाही. गेनबा तिथेच कुकर घेऊन बसला होता. तो उठला, शफीभाईंच्या हातातलं गाळणं घेतलं आणि स्वतःच कॅमेऱ्यापुढं धरलं. गेनबाचा फेटा आणि मिशा बघून तिकडे एवढा दंगा झाला की गाळण्याचं इंग्रजी राहूनच गेलं.

“अम्रीनबाई, वळाखलं का?” गेनबा फोनला अगदी नाक लावून म्हणाला. “आमची शेफाली तुमची लई आठवण काढती. आन ह्ये शफीभाई बगा, लई खराब झाल्यात वो, जरा...”

“गेनबा,” शफीभाई मागून म्हणाले, “फोन काय विहीर आहे का, वाकून बघतोस ते? बाजूला हो, पोरं भ्यायली.”

पोरं हसली. अम्रीन हसली नाही. “अब्बा, खरंच बरे आहात ना?”

“गेनबाला जोडीदार पायजे म्हातारपणी. त्याला सगळेच खराब दिसतात.”

फोन बंद झाल्यावर गेनबाने गाळणं जागेवर ठेवलं. “म्या खोटं बोललो न्हाई शफीभाई.”

“म्हणून तर तुला बाजूला हो म्हटलं.”

एप्रिलच्या शेवटी, अम्रीनला परत यायला महिना राहिला असताना, एका गुरुवारी पहाटे शफीभाई गेले. झोपेतच, घरी. जाहिदा पाणी द्यायला उठली तेव्हा अंग गार होतं.

मतीनने पहिला निरोप कुणाला पाठवला असेल तर तो अम्रीनला. ‘अब्बा नसरापूरला गेलेत, आज क्लास नको.’ मग त्याने चुलत्याला, मुजफ्फर चाचांना, बोलावलं आणि दोघांनी ठरवलं: दुपारच्या नमाजनंतर माती. अम्रीनला काही केलं तरी तोवर पोचता येणार नाही. ती तिकडे परक्या मुलखात एकटी. आत्ता सांगितलं आणि तिने स्वतःला काही करून घेतलं तर? संध्याकाळी आधी संस्थेच्या बाईंना फोन करू, त्यांना तिच्याजवळ बसवू, मग सांगू. ऐकायला हे शहाणपणाचंच वाटतं. मयताच्या घरात सकाळी सकाळी असं शहाणपण लगेच सुचतं, आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही.

मतीन हनुमंतकडे गेला. हनुमंतच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि फोन हातात होता.

“कुणी स्टेटस ठेवू नका, ग्रुपवर टाकू नका. तेवढं बघ,” मतीन म्हणाला. “अम्रीनला संध्याकाळपर्यंत कळता कामा नये.”

“सांगतो. पण लोक ऐकतील व्हय? आपल्याकडं मयत झाली की बोटं थांबत न्हाईत.” हनुमंतने विचार केला. “तू जा. माझ्यावर सोड. तिच्यापर्यंत काही जाणार न्हाई.”

आणि हनुमंतने खरोखरच मन लावून काम केलं. लोकांची तोंडं बंद करता येणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने अम्रीनलाच ग्रुपांमधून काढलं. आधी आळीच्या ग्रुपातून. मग भोर बातम्यांच्या. दहावीच्या बॅचचा ॲडमिन दुसरा होता, त्याला फोन करून काढायला लावलं. बालवाडीच्या बायकांचा ग्रुप वेल्ह्याकडचा, तिथपर्यंतही तो पोचला. तासाभरात अम्रीन भोरमधून पुरती वजा झाली. मग हनुमंतने निवांत मनाने श्रद्धांजलीचा मजकूर टाकला.

अम्रीन तेव्हा वर्गात होती. अब्बा नसरापूरला गेले म्हणून त्या दिवशी तीच चपला, पाट्या, पाण्याची बाटली वर धरून विचारत होती. फोनवर ओळ आली: हनुमंत यांनी तुम्हाला काढून टाकलं. तिला वाटलं, चुकून. मग दुसरी आली. मग तिसरी, चौथी. लग्न ठरलं म्हणून कुणी कुणाला ग्रुपातून काढत नाही. भांडण झालं तर एका ग्रुपातून काढतात, चारांतून नाही. ती भोरची मुलगी होती. आपल्या गावाला काहीतरी एकट्या आपल्यापासूनच झाकायचं आहे, आणि नसरापूरला गेलेले अब्बा फोन उचलत नाहीत, यापुढे तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तिने जाहिदाला फोन लावला.

घरात बायका दाटीने बसल्या होत्या. जाहिदाच्या मांडीजवळचा फोन वाजायला लागला, त्यावर अम्रीनचा फोटो. जाहिदाने हात पुढे केला.

“भाभी, नका उचलू,” फौजिया हळूच म्हणाली. “तुमच्या आवाजावरनंच कळंल तिला. मतीननं काय सांगितलंय?”

जाहिदाचा हात तिथेच राहिला. फोन वाजून थांबला. परत वाजला. शेवटी फौजियाने तो उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला आणि दार लोटून घेतलं. तिने ते मायेनेच केलं. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांनी सगळं मायेनेच केलं.

अम्रीनने मग लिहिलं. ‘अम्मी, मला कळलंय. कुणी बोलू नका. नुसता व्हिडिओ लावा, मला अब्बांचं तोंड बघू द्या.’ तेच मतीनला लिहिलं. परत लिहिलं. मुजफ्फर चाचांनी गुसल दिला, म्हणजे मयताला अंघोळ घातली, अत्तर लावलं, कफन घातलं, आणि मग तोंडावरचं कापड बाजूला करून सगळ्यांना शेवटचं बघायला बोलावलं. आळीतले आले, सलूनवाला आला, चौकातल्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुक आले, ज्यांचा कुकर कधीकाळी दुरुस्त केला होता ते शेजारच्या उत्रोली गावचे लोक आले. बायका आल्या. पाच-दहा मिनिटं कोण कोण बघून गेलं त्याची गणती नाही. मतीनचा फोन सदऱ्याच्या खिशात आवाज बंद करून ठेवला होता. जनाजा खांद्यावर घेतला तेव्हाही तो छातीशी थरथरत होता. मतीनला कळत होतं की फोन आहे. कुणाचा आहे तेही कळत होतं.

मातीवरून परत आल्यावर, हात धुवायच्या आधी, त्याने फोन बघितला. मग दुकानाच्या पायरीवर बसून तिला लावला.

“अम्रीन...”

“माती झाली?”

“झाली.”

“मी पहिला फोन केला तेव्हा अब्बा घरातच होते ना, भाई?”

मतीनने हाताची माती पायरीवर झाडली.

“घरातच होते ना?”

“होते.”

“मला कळलेलं होतं. मी लिहिलेलं होतं तसं. कुणालाही नुसता फोन धरायचा होता.”

“मला वाटलं तुला तिकडं एकटीला...”

“मी एकटीच होते, भाई. फोन लावत होते.”

मतीन म्हणाला, “तू ये. तिकिटाचं मी बघतो. मुंबईला घ्यायला येतो.”

“आता कशाला येऊ? बघायला काय ठेवलंय तुम्ही?”

आणि ती आली नाही. उरलेला महिना तिने तिकडेच काढला. जाहिदाशी रोज एकदा बोलायची, जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. मतीनचा फोन घेत नव्हती. ती वर्गात काय शिकवत होती, कशी शिकवत होती, ते कुणाला माहीत नाही.

भोरने मात्र लगेच नोंद बदलली. जानेवारीपासून तिच्यापासून लपवण्यात ज्यांचा हात होता, तेच चहाच्या टपरीवर म्हणू लागले, “बाप मेला तरी आली न्हाई. काय काळीज असंल एकेकाचं.” सलूनमध्ये कुणीतरी म्हणालं, “परदेशाची हवा.” चौकातला फ्लेक्स उन्हाने फाटला होता, तो हनुमंतने काढून टाकला. अम्रीनला त्याने सगळ्या ग्रुपांत परत घेतलं होतं. ती एकेक करून स्वतःच बाहेर पडली.

जूनच्या सुरुवातीला ती आली. विमानतळावर मतीन गेला होता. ती त्याच्याबरोबर गाडीत बसली, सामान त्याच्या हातात दिलं, पुण्यापुढची खिंड ओलांडून नसरापूर येईपर्यंत बाहेर बघत होती. जाहिदा नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती. मायलेकी दारातच एकमेकींना धरून बसल्या.

तिसऱ्या दिवसापासून अम्रीन एक काम करू लागली. लोकांना आधी कळेना ती कशाला येतेय. ती यायची, बसायची, चहा घ्यायची आणि विचारायची, “तुम्ही अब्बांचं तोंड बघितलं होतं ना? कसं होतं?”

मुजफ्फर चाचा म्हणाले, “शांत. झोपल्यासारखं. नूर होता चेहऱ्यावर.” असं ते प्रत्येक मयताबद्दल सांगतात हे अम्रीनला माहीत होतं. तिने विचारलं, “दाढी केलेली होती?” चाचा थांबले. “वाढलेली होती जरा,” ते म्हणाले.

फौजिया म्हणाली, “हसत होते गं.” मग तिला रडू आलं. “माझ्यामुळं झालं सगळं. मीच तो फोन पिठावर...” अम्रीनने तिचं रडणं थांबेपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, “डोळे पूर्ण मिटलेले होते का?”

सलूनवाल्याने मान खाली घातली आणि सांगितलं की गर्दी होती, आपण लांबून बघितलं. हनुमंत तीन वेळा दुकानात नव्हता. चौथ्यांदा सापडला. त्याने बघितलंच नव्हतं. “मी फोनवर होतो ना सगळा वेळ,” तो म्हणाला, आणि हातातला फोन टेबलावर उलटा ठेवला.

वेल्ह्याच्या जीपने ती गेनबाकडेही गेली. शेफाली दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती, ओळख पटत होती, पण जवळ येईना. गेनबा त्या दिवशी उशिरा पोचला होता. घरी नाही, कबरस्तानात, कुणीतरी त्याच्यासाठी शेवटचं कापड बाजूला केलं होतं.

“व्हट जरा उघडं व्हतं, बाई,” तो म्हणाला. “काय बोलायचं ऱ्हाऊन गेल्यावानी. पर तसं समद्यांचंच असतंय, त्येच्यात काय मानू नका. आन गाल आत गेल्यालं. उजव्या कानामागं साबणाचा वाळलेला पांढरा डाग व्हता, त्यो म्या बोटानं पुसला. कुणी काय म्हणलं न्हाई.”

“उजव्या?”

“व्हय. उजव्याच.”

तिने स्वतःच्या उजव्या कानामागे एकदा बोट फिरवलं. मग शेफालीच्या केसांवरून हात फिरवून उठली.

गावभर जेवढं मिळालं तेवढं तिने गोळा केलं. ते एकमेकांशी जुळत नव्हतं. कुणाच्या तोंडून अब्बा हसत होते, कुणाच्या तोंडून थकलेले. जाहिदाला तिने विचारलं नाही. इद्दतीतल्या बाईला ते पुन्हा बघायला कसं लावायचं? आणि मतीनला विचारलं नाही.

मतीन आता दुकानात बसतो. कुकरचं काम त्याला बापाइतकं येत नाही, गिऱ्हाईक सांभाळून घेतं. ती घरोघर काय विचारत फिरते ते त्याच्या कानावर रोज येत होतं, कुणाकडे गेली, काय विचारलं, कोण काय म्हणालं. त्याच्याकडे सगळं होतं. कफनाची गाठ त्याने सोडली होती. कबरीत उतरून अब्बांचं तोंड पश्चिमेकडे त्यानेच केलं होतं, दोन्ही हातांनी. त्याच्याइतकं जवळून कुणीच बघितलेलं नव्हतं. रोज रात्री तो मनात ते नीट लावून ठेवायचा, आधी कपाळ, मग भुवया, मग डाव्या भुवईतला केस जो नेहमी उभा असायचा आणि तेव्हाही उभा होता. ती विचारेल तेव्हा काही सुटायला नको म्हणून.

ती जेवायला वाढायची. “भाकरी हवी?” एवढं विचारायची.

एकदा जाहिदा आत नमाजला गेली तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं.

“अम्रीन. तू सगळ्यांना विचारलंस. मी सांगू?”

ती भांडी गोळा करत होती. ती थांबली, पण वळली नाही.

“नको, भाई.”

“मला सगळं माहीत आहे. इतकं कुणालाच...”

“म्हणूनच नको,” ती म्हणाली. “तू सांगितलंस तर मग मला तुला माफ करावं लागेल.”

तिने त्याचं ताट उचललं, त्यातली उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि मोरीत जाऊन नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं. मतीन उष्टा हात तसाच धरून बसून राहिला.